हात ढिला सोड

माझ्या हातात काही ठरत नाही, धरलेली वस्तू निसटतेच, ही गोष्ट लहानपणापासून मला देवाइतकीच खरी वाटत असे. देवाबद्दल मधूनमधून शंका तरी यायची, हातांबद्दल कधी आली नाही. हे दुखणं एखाद्या शेतकऱ्याच्या किंवा शिंप्याच्या मुलाला असतं तर कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. पण मी जन्माला आलो तो कासाराच्या घरात. मिरजगावच्या पेठेत आमचं बांगड्यांचं दुकान होतं. पुढे ओटा, आत भिंतीला खुंट्या आणि खुंट्यांवर रंगीत काचेच्या माळा. ओट्यावर बसून वडील, म्हणजे आमचे अण्णा, आयाबायांचे हात भरत. थोरला भाऊही त्यांच्याच हाताखाली तयार झाला होता. त्याला मी दादा म्हणायचो आणि त्याच्या हातांचा मनातल्या मनात हेवा करायचो. आमच्याकडे बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढली असं म्हणतात. सौभाग्याची वस्तू ती, तिच्याबद्दल वावगा शब्द काढायचा नाही. त्या भाषेत सांगायचं तर आमच्या घरात सगळ्यात जास्त भरभराट माझ्याच हातून झालेली होती.

लहान असताना एकदा अण्णांनी मला एका लग्नघरी सोबत नेलं होतं. नवरीचा हिरवा चुडा भरायचा होता. मांडवात बायकांची गर्दी, ताशा वाजतोय आणि माझ्या खांद्यावर चुड्याची माळ. उंबरा ओलांडताना पाय अडखळला की दोरी निसटली हे आजही सांगता येणार नाही, पण सगळा चुडा उंबऱ्यावर पडला. क्षणभर ताशावाल्याचे हातही थांबले. लग्नघरात नवरीचा चुडा वाढावा, याहून वाईट काय असणार! कुणी रागावलं नाही. नवरीच्या आजीनं देवापुढे साखर ठेवली, अण्णा उलट्या पावली दुकानात जाऊन दुसरा चुडा घेऊन आले आणि लग्न झोकात पार पडलं. त्या जोडप्याला पुढे चांगली गोजिरवाणी मुलं झाली, हेही सांगून टाकतो. पण घरी येताना वाटेत अण्णा म्हणाले, "ह्याचं हात कासाराचं न्हाईत." रागानं म्हणाले असते तर मी विसरलो असतो. ते अगदी शांतपणे, आभाळ भरून आलंय म्हणावं तसं म्हणाले आणि ते माझ्या मनात जाऊन बसलं.

तेव्हापासून मला काचेला हात लावायची बंदी झाली. बंदी कुणी घातली नाही, ती आपोआपच पडली. बाजाराच्या गावी जाताना काचेच्या माळा अण्णा आणि दादा घेत. माझ्या डोक्यावर कुंकवाच्या डब्या, फण्या, फिती असल्या न मोडणाऱ्या मालाची पत्र्याची पेटी असायची. अण्णा पुढे चालायचे आणि थोड्या थोड्या वेळानं मागे वळून माझ्याकडे बघायचे. पेटीत मोडण्यासारखं काही नाही हे त्यांनाही ठाऊक होतं, पण मान वळायचीच. घरी पाहुणे आले की त्यांना कपबशीतून चहा मिळे आणि मला पितळी पेल्यातून. मामी तर गमतीनं म्हणायची, "ह्याच्या लग्नात हार घालताना नवरीला दोन पावलं लांबच उभी करा बाई." सगळे हसत, मीही हसे. हसता हसता माणूस स्वतःबद्दल काय काय मान्य करून बसतो, हे त्याचं त्यालाही कळत नाही. मग खरोखरच एखादी वस्तू हातात आली की बोटं ताठ होत, तळहाताला घाम फुटे, मी ती गच्च आवळून धरी आणि ती नेमकी निसटे. पुन्हा एकदा सगळ्यांचं खरं ठरे.

मी सांगतोय ती हकिगत मोठा दुष्काळ पडायच्या आदल्या चैत्रातली. तोवर मी चांगला मिसरूड फुटलेला गडी झालो होतो आणि घरी माझं काय करायचं हा प्रश्न होता. अण्णांचे एक स्नेही केडगावला लोखंडी सामानाचं दुकान चालवत. पहारी, घमेली, बिजागऱ्या, खिळे. त्यांना विश्वासाचा माणूस हवा होता. अण्णांनी ठरवून टाकलं. "लोखंडाला काय व्हनार हाय? पडलं तर फरशी फुटंल, लोखंड फुटायचं न्हाई," असं म्हणून ते स्वतःच हसले. मारुतीच्या देवळातला सप्ताह उरकला की मी केडगावला जायचं असं ठरलं. आईनं माझी ट्रंक भरायला घेतली. मला मात्र आत कुठेतरी तुटत होतं. मला आमचा धंदा फार आवडायचा. सकाळी ऊन दुकानात शिरलं की खुंटीवरच्या माळांचे रंग भिंतीवर सांडत. ओट्यावर बसलेल्या बायका हात पुढे करून घरचं सगळं सुखदुःख अण्णांना सांगून टाकत. जाताना त्या भरलेले हात वाजवत जात. हे सगळं सोडून बिजागऱ्या विकायच्या! पण "मला इथंच ऱ्हाऊ द्या" असं म्हणायला तोंड नव्हतं. ज्याच्या हातात काच ठरत नाही त्यानं कासाराच्या दुकानात राहून करायचं काय?

आमच्या मारुतीच्या देवळात दर वर्षी चैत्री पौर्णिमेला अखंड हरिनाम सप्ताह असे. अखंड म्हणजे शब्दशः अखंड. सप्ताहाची वीणा एकदा गळ्यात पडली की काल्यापर्यंत ती खाली टेकत नाही आणि तिची तार गप्प होत नाही. आळीतल्या पुरुषांचे पहारे लावलेले असत. पहाऱ्याचा माणूस देवासमोर वीणा घेऊन उभा राही, जोडीला टाळकरी असत आणि "रामकृष्णहरी" चालू राही. पहारा संपला की वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाई आणि दोघं एकमेकांच्या पाया पडत. मग लहानमोठा काही बघायचं नाही. वीणा भुईला टेकली तर सगळा सप्ताह बाटला, असं गावात धरून चालत. मला कधी कुणी पहारा दिला नव्हता, मीही कधी मागितला नव्हता. माझ्याकडे घरोघर फिरून पंगतीच्या भाकरी गोळा करायचं काम असे. भाकरी पडली तरी झटकून घेता येते.

त्या वर्षी काल्याच्या आदल्या दिवशी सकाळी एक म्हातारी आमच्या दुकानाशी आली. लुगड्याचा पदर घट्ट खोचलेला, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात कापडी पिशवी. दुरून कुठून तरी आली होती आणि दुपारच्या गाडीनं कर्जतच्या बाजूला नातीच्या लग्नाला निघाली होती. निघायच्या आदल्या दिवशी धार काढताना म्हशीनं हिसका दिला आणि दोन्ही हातांतल्या सगळ्या बांगड्या वाढल्या. मनगटाला तिनं पिवळा दोरा तेवढा बांधला होता. "माझं म्हातारं खाटंवर हाय, पन जित्तं हाय," ती अण्णांना म्हणाली. "भुंडे हात घेऊन मांडवात कशी जाऊ?" अण्णांनी तिचा हात हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. बोटांचे सांधे सुजून गाठीगाठी झाल्या होत्या, अंगठ्याच्या बुडाचं हाड वर आलं होतं. तरी त्यांनी प्रयत्न केला. पहिली वाढली, दुसरी वाढली आणि तिसरीला म्हातारीच्या तोंडून "आई गं" निघालं. अण्णांनी हात जोडले. "आजी, आता नगं. लागंल तुमाला. तुमच्या हाडावरनं काच जायची न्हाई." पदरानं मनगटं झाकून घेत म्हातारी देवळाच्या सावलीला निघून गेली. माझ्या मनात आलं, अण्णांना जमलं नाही म्हणजे या तालुक्यात कुणालाच जमायचं नाही.

दुपारची पंगत उठली. ऊन असं होतं की आळीत कुत्रंही दिसत नव्हतं. पुरुष घरोघर आडवे झाले होते, बायका उद्याच्या काल्याच्या तयारीला लागल्या होत्या. मी देवळात पत्रावळी उचलत होतो. पहाऱ्यावर आमच्या शेजारचे रावजी तात्या होते, वयानं बरेच थकलेले. त्यांच्या पुढचा पहारा दादाचा होता. पण दादा सकाळीच शेजारच्या गावच्या बाजाराला माळा घेऊन गेला होता आणि त्याची एसटी काही आली नव्हती. तात्यांचा टाळकरी त्याला बघायला स्टँडवर गेला. दुसरा एक टाळकरी खांबाला टेकून मघापासूनच घोरत होता. सकाळची म्हातारी कोपऱ्यात पिशवी उशाला घेऊन बसली होती. एवढ्यात मला तात्यांचा आवाज अडखळल्यासारखा वाटला. वर पाहिलं तर त्यांचा चेहरा पांढरा पडलेला आणि पाय लटपटत होते. पत्रावळी टाकून मी धावलो आणि त्यांच्या काखेत हात घालून त्यांना धरलं.

"घे," तात्या पुटपुटले.

"तात्या, मी न्हाई. माझ्या हातात काय ठरत न्हाई. पडंल ती."

तात्यांनी तशाही अवस्थेत माझ्याकडे रागानं बघितलं. "हातात कोन देतंय तुज्या? गळ्यात घालतोय. वीना हातानं धरायची नसती, लेका. ती गळ्यात असती. हात नुस्ता संगतीला."

मी पुढे काही म्हणायच्या आत वीणेचा पट्टा माझ्या गळ्यात आला होता. तात्या भिंतीला धरून खाली बसले. कोपऱ्यातली म्हातारी उठली, तिनं त्यांना तांब्यातलं पाणी पाजलं, पदरानं वारा घातला आणि ते डोळे मिटून पडल्यावर तिनं घोरणाऱ्याच्या मांडीवरचे टाळ उचलले. "म्हन बाबा," ती मला म्हणाली, "देव वाट बगतोय." तिचा आवाज चिरका होता आणि सूर कुठच्या कुठे होता, माझा त्याहूनही पलीकडे. पण आम्ही दोघं "रामकृष्णहरी" म्हणू लागलो. समोर शेंदूर लावलेला मारुती. मी तोंडानं नाम घेत होतो आणि ध्यान मात्र माझ्या दहा बोटांकडे होतं. वीणेचा दांडा मी असा आवळून धरला होता की मनगटात कळा येऊ लागल्या. नाम कसलं, माझ्या मनात एकच घोष चालला होता, पडेल, आता पडेल.

आणि ती पडली. म्हणजे पडायला लागली. पट्टा जुना कापडी, घामानं भिजलेला. माझ्या आवळण्यानं त्याला ओढ बसली आणि गाठ सुटली. गळ्यावरचा भार एकदम नाहीसा झाला हे मला कळलं. पुढचं मी तपशिलात सांगू शकत नाही. भ्यायलासुद्धा सवड मिळाली नाही, एवढं मात्र आठवतं. वीणेचा भोपळा गुडघ्यापाशी होता आणि माझे दोन्ही तळवे त्याच्याखाली होते. आवळलेले नव्हते, नुसते खाली होते. काठोकाठ भरलेला तांब्या सांडू नये म्हणून धरावा तसा भोपळा माझ्या तळव्यांवर टेकला. म्हातारीचे टाळ थांबले नव्हते. तिच्याच नादावर मी सावकाश उभा राहिलो, वीणा छातीशी घेतली आणि तार पुन्हा छेडली. ती मधल्या क्षणाला गप्प झाली होती की नाही, देव जाणे. त्यानं तो क्षण मोजला नसावा.

"आजी, गाठ मारा की," मी म्हणालो.

तिनं टाळ बाजूला ठेवून पट्ट्याची टोकं घेतली, एकदा, दोनदा ओढून पाहिली आणि सुजलेली बोटं माझ्यापुढे धरून हसली. "माझ्या बोटांनी गाठ बसत न्हाई बाबा. तूच धर आता तशीच. धरलीस की मगाशी."

आता गळ्यात काही नव्हतं, होते ते फक्त माझे हात. ज्या गोष्टीला मी जन्मभर भ्यालो तीच माझ्या पुढ्यात उभी राहिली होती आणि पळायला वाट नव्हती. गंमत अशी की वाट नाही म्हटल्यावर भीतीही कमी झाली. मी मारुतीला मनातल्या मनात म्हणालो, "बाबा, माझ्या हातांचा मला भरवसा न्हाई. तुझी वीणा, तूच बघ." एवढं म्हटलं मात्र, खांदे खाली आले, बोटं सैल झाली आणि वीणा मघापेक्षा निम्म्यानं हलकी वाटू लागली. मी तिला धरत नव्हतो, ती माझ्या हातावर विसावली होती. पहिल्यांदाच माझं लक्ष हातांवरून उठून नामावर गेलं. म्हातारी डोलत होती, मीही डोलू लागलो. तात्यांनी एक डोळा उघडून बघितलं आणि पुन्हा मिटला. किती वेळ गेला मला ठाऊक नाही. तो वेळ संपू नये असं वाटत होतं, एवढं खरं.

दादा घामाघूम होऊन धावत आला आणि दारातच थबकला. त्याच्या चेहऱ्यावरची भीती मला आजही आठवते आणि आजही हसू येतं. "हलू नगंस," तो कुजबुजला, "हाय तसाच उभा ऱ्हा." जणू माझ्या अंगावर साप चढला होता. त्यानं हातपाय धुतले, पट्ट्याला पक्की गाठ मारली आणि वीणा गळ्यात घेतली. मग रीतीप्रमाणे मी त्याच्या पाया पडलो आणि त्यालाही माझ्या पाया पडावं लागलं. पडताना त्यानं मला हळूच चिमटा काढला, ते रीतीत नव्हतं.

मी बाहेर पायऱ्यांवर येऊन बसलो. हात बघत होतो. तेच हात होते. म्हातारी शेजारी येऊन टेकली. "तू त्या कासाराचाच ना? सकाळी दुकानात दिसलास." मी मान हलवली. तिनं पदर बाजूला करून मनगटं पुढे केली. "गाडीला अजून येळ हाय. माझं हात भर."

मी तिला सगळं सांगितलं. लग्नघरातला चुडा, पितळी पेला, केडगावचं लोखंड, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "लोक म्हनत्यात ते मी ऐकलं. मी पाहिलं ते सांगू? ती वीना पडताना मी पाहिली. कोनाच्या हातानं झेलली, तेबी पाहिलं. आता मी म्हातारी खोटी का?" तिला खोटी कसं म्हणणार?

मी घरी गेलो. अण्णा दुकानात भिंतीला टेकून डुलक्या घेत होते. आई आतल्या दारात ज्वारी पाखडत होती. खुंटीवरची हिरव्या बांगड्यांची माळ मी काढली तेव्हा काचेची किणकिण झाली आणि आईनं वर पाहिलं. मी हळूच म्हणालो, "त्या सकाळच्या आजीचे हात भरायचेत." मी मापाच्या बांगड्या बाजूला काढल्या आणि जरा घुटमळून विचारलं, "चार-सहा जास्तीच्या घेऊ का?" कारण किती वाढतील याचा नेम नव्हता. आईनं सुपातलं धान्य एकदा झेललं आणि म्हणाली, "एकच घे." एकच कशाला, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही.

देवळाच्या पायरीवर म्हातारीचा हात मी माझ्या हातात घेतला. आतून दादाच्या वीणेचा आवाज येत होता. अण्णा बायकांना जे वर्षानुवर्षं सांगत तेच माझ्या तोंडून आलं, "आजी, हात ढिला सोडा." आणि तिनं सोडला. एखादं लेकरू झोपेत सोडतं तसा तिनं तो हात माझ्या हातात टाकला. सकाळी अण्णांपुढे ती आखडली होती, बांगडी दुखवणार म्हणून. आता तिला भीती नव्हती. आणि मला? मला होती, पण तिचा सुटलेला हात बघून माझाही सुटला. गाठी कुठे आहेत ते मी बोटांनी चाचपत राहिलो. अंगठा आत दुमडला, तळव्याला हळूहळू दाबून मऊ केलं, ढकललं कुठेच नाही. जिथं वाट मिळाली तिथनं काच आपली आपण पुढे गेली. पहिली बांगडी हाडावरून उतरून मनगटावर पडली, तिचा जो आवाज झाला तो मी कधी विसरणार नाही. मग दुसरी. मग तिसरी. एक हात भरला, दुसरा भरला. एकही वाढली नाही. म्हातारीनं दोन्ही हात उचलून कानाशी हलवून पाहिले आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मीही रडलो. लपवायचं काय त्यात!

आमच्याकडे रीत आहे. बांगड्या भरून झाल्या की बाई कासाराला नमस्कार करते आणि कासार आशीर्वाद म्हणून एक बांगडी जास्तीची देतो. अण्णांपुढे वाकणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहिल्या होत्या. माझ्यापुढे कुणी कशाला वाकेल? मी कधी कुणाचा हात भरलाच नव्हता. ती म्हातारी, माझ्या आजीच्या वयाची, पायरीवरून उठली, पदर सावरला आणि माझ्यापुढे वाकली. मी गडबडून उठायला लागलो तर म्हणाली, "बस. हे तुला न्हाई, तुज्या हातांना हाय." मी काय करावं? माझ्या मांडीवर एकच बांगडी उरली होती, आईनं सांगितलेली. तेव्हा कुठे मला कळलं की आईनं ती वाढण्यासाठी म्हणून घ्यायला लावली नव्हती. बाकीच्या सगळ्या नीट भरल्या जातील आणि शेवटी आशीर्वादाला एक लागेल, एवढाच हिशेब तिनं केला होता. माझ्यावर माझा नसलेला विश्वास घरात एक जण इतकी वर्षं न बोलता सांभाळून होतं. मी ती बांगडी म्हातारीच्या हातात चढवली आणि "अखंड सौभाग्यवती व्हा" म्हणालो.

मान वर केली तर समोर लिंबाखाली अण्णा उभे होते. कधी आले, किती पाहिलं, मी कधी विचारलं नाही. ते पुढे आले, म्हातारीचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले, कासार पाहतो तसे, आणि नुसतं "हं" म्हणाले. तेवढ्यात गाडीचा भोंगा वाजला आणि म्हातारी पिशवी सावरत, बांगड्या वाजवत स्टँडकडे पळाली. तिचं गाव कोणतं, नाव काय, हे विचारायचं आम्हा कुणालाच सुचलं नाही. पुढे मी कर्जतच्या बाजूच्या बाजारांत पुष्कळ चौकशी केली, पण पत्ता लागला नाही. ती कोण होती यावर आमच्या घरात पुढे कित्येक वर्षं वाद रंगत. अण्णा ठामपणे म्हणत, साक्षात मारुतीच आला होता. त्यावर आई म्हणे, "कायतरीच तुमचं! मारुती ब्रह्मचारी. त्यो हिरवा चुडा भरायला कशाला येतोय?" अण्णा मग सुपारी कातरायला घेत. मी मध्ये पडत नाही. ती नातीच्या लग्नाला निघालेली एक म्हातारी असेल, तरी माझ्या दृष्टीनं फरक पडत नाही. देवाला पाठवायचं झालं तर तो माणसांपैकीच कुणाला तरी पाठवणार.

दुसऱ्या दिवशी काला झाला, दहीहंडी फुटली, आमटी-भाकरीची पंगत उठली. संध्याकाळी मी घरी येऊन पाहतो तो माझी ट्रंक रिकामी आणि कपडे पुन्हा खुंटीवर. अण्णा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "केडगावला निरोप धाडलाय. म्हनलं, दुसरा गडी बघा. आमच्याकडंच हात कमी पडत्यात." आईनं त्या दिवशी मला कपबशीतून चहा दिला. मामी आलेली होती, ती बशीकडे डोळे लावून बसली. बशी शाबूत राहिलेली बघून ती जरा हिरमुसलीच.

पुढच्या बाजाराला आम्ही तिघं पायी निघालो. पत्र्याची पेटी दादाच्या डोक्यावर होती आणि तो वाटभर कुरकुरत होता. काचेच्या माळा माझ्या दोन्ही खांद्यांवर होत्या, चालताना किणकिणत होत्या. अण्णा नेहमीसारखे पुढे. मी त्यांच्या पाठीकडे बघत होतो. चिंचेचं झाड गेलं, ओढा गेला, गाव दिसायला लागलं, पण त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

त्याला आता उदंड वर्षं झाली. अण्णा गेले, आई गेली, ओट्यावर मी बसतो. माझ्या हातून काच वाढत नाही असं नाही, वाढते, कासार आहे मी. पण ती वाढली तर ती एक बांगडी वाढली, मी नाही, एवढं मला त्या दुपारी कळलं. चैत्रात सप्ताहाचा भर दुपारचा पहारा मी मागून घेतो. आणि रोज सकाळी दुकान उघडलं की पहिल्यांदा मारुतीच्या दिशेनं हात जोडतो. दिवसभर मी येणाऱ्या बाईला सांगतो, "बाई, हात ढिला सोडा, मी हाय ना." जी सोडते तिला काही लागत नाही. जी आखडते तिचीच काच वाढते. इतक्या जणींना हे सांगताना एक दिवस माझ्या ध्यानात आलं की हेच तर कुणीतरी मला सांगत होतं आणि मीच हात आखडून बसलो होतो. म्हणून आता मागणं असं माझं काही उरलेलं नाही. नमस्कार करून झाला की दोन्ही हात पुढे करतो आणि म्हणतो, ढिला सोडलाय बघ, देवा. भर तुला काय भरायचं ते.